बागेतील सुरू : योग्य स्थान व निगा

झुकत्या शाखांचा, सदैव हिरवा वृक्ष घरापुढे किंवा शाळेच्या आवारात असावा, ही इच्छा स्वाभाविक आहे. परंतु या इच्छेपोटी देवदारासारखी थंड प्रदेशातील शंकुधारी झाडे सपाट प्रदेशात लावणे शहाणपणाचे नव्हे. देवदार हा हिमालयात सुमारे दीड ते तीन हजार मीटर उंचीवर वाढणारा वृक्ष. दख्खनच्या पठारावरील वैशाखाचे ऊन त्यास मानवत नाही, व रोपावर केलेला खर्च वाया जातो. हीच शोभा आपल्या हवामानात सुरू देऊ शकतो.

सुरू हे नाव मूळचे फारसी असून ते सरो या शंकुधारी वृक्षाचे होते. आपला सुरू मात्र शंकुधारी नव्हे, तो सपुष्प वृक्ष आहे. त्याच्या सुया म्हणजे पाने नसून बारीक, सांधे असलेल्या डहाळ्या होत. सुई ओढली असता ती सांध्यावर तुटते, व तेथे खऱ्या पानांचे सूक्ष्म दाते दिसतात. भारतात त्याची लागवड इ. स. १८६८ च्या सुमारास कारवार येथे सुरू झाली. मुळांवरील गाठींतील जीवाणू हवेतील नत्र स्थिर करतात. त्यामुळे निकस वाळूतही तो जोमाने वाढतो.

लागवडीसाठी वालुकामय किंवा निचऱ्याची हलकी जमीन निवडावी. पाणी साचणारी काळी भारी जमीन टाळावी. बी अगदी बारीक असल्याने ते वाफ्यात उथळ पेरावे आणि मुंग्यांपासून जपावे, कारण त्या बी वाहून नेतात. पावसाळ्याच्या आरंभी रोपे कायम जागी लावावीत. पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात पाणी द्यावे, आळ्यातील तण काढावे व गुरांपासून संरक्षण करावे. कुंपण करावयाचे असल्यास रोपे जवळजवळ लावून कोवळेपणीच छाटणी आरंभावी. जुने खोड तळाशी तोडल्यास त्यास पुन्हा चांगले फुटवे येतीलच, असा भरवसा धरू नये.

सुरूखाली काही उगवत नाही, अशी तक्रार ऐकू येते. ती निराधार नाही. गळलेल्या सुयांचा जाड थर साचतो व खालील रोपे दबतात. परंतु हा दोष झाडाचा कमी व जागेच्या निवडीचा अधिक होय. फुलांच्या वाफ्यात, विहिरीच्या काठी किंवा घराच्या भिंतीलगत सुरू लावू नये. मोकळ्या आवाराची कड, किनाऱ्यावरील आंबा-नारळाच्या बागेची वाऱ्याकडील बाजू, ही त्याची खरी स्थाने होत.

किनाऱ्यावरही विवेक हवा. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळाससारख्या ठिकाणी समुद्री कासवे मोकळ्या वाळूत अंडी घालतात. भरतीरेषेलगत दाट सुरू लावल्यास त्यांची जागा जाते. म्हणून तेथे पुरेसे अंतर सोडावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी रोपे वाटण्यापूर्वी जमीन व जागा पाहण्याचा परिपाठ ठेवावा. किती रोपे वाटली यापेक्षा तीन उन्हाळ्यांनंतर किती उभी राहिली, हेच वृक्षलागवडीच्या यशाचे खरे माप होय. ज्याची निगा राखणे शक्य नाही, असे झाड न लावणेच श्रेयस्कर.