हरलेले पैसे आणि हरवलेली झोप

दोन-पाच रुपयांच्या पत्त्यांच्या डावावर आरोग्याच्या सदरात काय लिहायचे, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. पण पित्त, डोकेदुखी, झोप न लागणे, वाढलेला रक्तदाब अशा तक्रारी घेऊन दवाखान्यात येणाऱ्यांपैकी काहींच्या दुखण्याचा धागा शेवटी पत्त्यांच्या बैठकीपाशी जाऊन पोचतो, हा माझा अनुभव आहे. आणि ज्यांना आपण जुगारी म्हणतो तशी ही मंडळी नसतात. जमीन विकून खेळणारा माणूस साऱ्या गावाला दिसतो. त्याच्यासाठी घरात रडारड होते, सोयरेधायरे बैठका घेतात. रोज शंभर-दीडशे हरणारा कुणाच्या नजरेत येत नाही. "चार माणसांत बसतात, वेळ जातो, बरेच आहे," असे घरचेही म्हणतात.

पत्ते वाईट, असे माझे म्हणणे नाही. लग्नघरातली मेंढीकोट, दिवाळीच्या सुटीतली पाच-तीन-दोन, गणपतीच्या जागरणाला मांडलेला बदाम सात यांवाचून आपले बालपण गेलेले नाही. प्रश्न आहे तो लागोपाठ हरत गेलेल्या माणसाचा, आणि त्यातून तो बरा कसा होतो याचा.

दोन वर्षांपूर्वी एस.टी.तून निवृत्त झालेले एक कंडक्टर माझ्याकडे आले. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.) एस.टी.त कंडक्टरला मास्तर म्हणतात, म्हणून आपणही त्यांना मास्तरच म्हणू. तक्रार एकच : "डॉक्टरसाहेब, झोपेची गोळी द्या." रक्तदाब १६०/१०० होता. जेवणाच्या वेळा बिघडलेल्या, चहा दिवसाला आठ-दहा कप, तंबाखू वाढलेली. सोबत आलेल्या काकू म्हणाल्या, "हे घरात बोलतच नाहीत. नात जवळ आली तरी खेकसतात." मास्तरांनी मान खाली घातली. काकूंना औषधाच्या दुकानात पाठवल्यावर मग खरी गोष्ट बाहेर आली. रोज संध्याकाळी सहाला एका दुकानामागच्या खोलीत पाच जण तीन पत्तीला बसतात. बूट पाच रुपये. पहिले दोन महिने बरोबरीत गेले, त्यानंतर अकरा महिने सतत हार. दिवसाला सरासरी दीडशे. महिन्यातले सव्वीस दिवस धरले तर अकरा महिन्यांचे बेचाळीस हजार नऊशे रुपये होतात. मास्तरांचे पेन्शन तीन हजारांच्या आत आहे. पैसे ग्रॅच्युइटीच्या ठेवीतून जात होते आणि काकूंना त्याचा पत्ता नव्हता.

मी त्यांना विचारले, "आता काय ठरवले आहे?" ते म्हणाले, "एकदा वसूल झाले की पुन्हा खोलीची पायरी चढणार नाही."

या वाक्यातच सगळा रोग आहे. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने जुगाराच्या अतिरेकाला १९८० साली आजारांच्या यादीत घेतले आणि २०१३ साली त्याला दारू व अमली पदार्थांच्या व्यसनांच्या प्रकरणात बसवले. त्याची नऊ लक्षणे दिली आहेत. वर्षभरात त्यांपैकी चार दिसली तर आजार समजायचा. हरलेले परत मिळवण्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा जाणे, खोटे बोलणे, खेळ थांबवला की चिडचिड होणे ही त्यातलीच. किती रुपये हरला म्हणजे आजार, असा आकडा त्या यादीत कुठेही नाही. डाव पाच रुपयांचा आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

मास्तरांना वाटत होते की नशीब फिरले आहे. कुणी तरी त्यांना शनीची शांत करायलाही सांगितले होते. मी त्यांना साधा हिशेब घातला. बावन्न पानांतून तीन पाने निघण्याचे २२,१०० प्रकार होतात. त्यांपैकी १६,४४० प्रकारांत हातात काहीच नसते, म्हणजे जोडीदेखील नसते. शंभरात चौऱ्याहत्तर वेळा हे असेच होणार. तीन एक्के, तीन राजे असा ट्रेल सरासरी ४२५ हातांत एकदा येतो. शिवाय पाच जण बसले की प्रत्येकाच्या वाट्याला पाचातला एक डाव. तेव्हा लागोपाठ दहा डाव एकही न जिंकण्याची शक्यता शंभरात जवळजवळ अकरा आहे. एका संध्याकाळी साठ डाव झाले तर अशी दहाची रांग न लागण्यापेक्षा लागण्याचाच संभव जास्त. त्याला पनवती म्हणायचे कारण नाही.

पण एवढ्याने अकरा महिन्यांची हार समजत नाही. तिचे पहिले कारण फार गद्य आहे. खोलीचा मालक प्रत्येक डावामागे पाच रुपये काढून घेतो, ज्याला खेळणारे नाल म्हणतात. साठ डावांचे तीनशे रुपये झाले, माणशी साठ. पाचही जण सारखेच हुशार आणि सारखेच नशीबवान असले तरी प्रत्येकजण रोज साठ रुपये हरूनच उठणार! मास्तरांच्या दीडशेतले साठ या मार्गाने जात होते. आयुष्यभर तिकिटांचा पै-पैचा हिशेब दिलेला हा माणूस, पण नालेचा हिशेब त्यांनी कधी मांडला नव्हता. ते ऐकून ते पहिल्यांदा हसले.

उरलेल्या नव्वद रुपयांचे कारण शोधायला आम्ही एक वही केली. खेळ आजपासून बंद, असे मी सांगितले नाही. दोन आठवडे रोजचे वेबिल लिहा, एवढेच सांगितले : किती वाजता बसलो, आठ वाजता किती कमी-जास्त होते, उठताना किती, रात्री झोप किती तास. एस.टी.त तीस वर्षे वेबिल भरलेल्या हाताला हे जड गेले नाही. चौदा दिवसांनी वही पाहिली तर आठ वाजेपर्यंतचा तोटा किरकोळ. मोठे आकडे सगळे नऊनंतरचे, आणि तेही आधीच हरत असलेल्या दिवसांचे. ज्या रात्री चारच तास झोप झाली, तिच्या दुसऱ्या दिवशीची हार बहुधा मोठी. हा माणूस शांत डोक्याने वाईट खेळत नव्हता. हरल्यावर तो वेगळाच माणूस होऊन खेळत होता.

पोकर खेळणाऱ्या अमेरिकनांनी या अवस्थेला 'टिल्ट' असे नाव दिले आहे. पिनबॉलचे यंत्र खेळणाऱ्याने रागाने हलवले की टिल्टचा दिवा लागतो आणि यंत्र काम करायचे थांबते, त्यावरून हा शब्द आला. आपल्या शरीरात असा दिवा नाही, पण खुणा आहेत. हरण्याचा धक्का शरीराला धोक्यासारखाच भासतो. नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, तळवे घामेजतात. अशा वेळी माणूस पाने न पाहता ब्लाइंड चाल वाढवतो, पॅक व्हायच्या जागी शो मागतो. डॅनिएल कानेमान आणि अमोस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडले की शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर गेल्याचे दुःख माणसाला जास्त होते, आणि तोट्यात असलेला माणूस एरवी घेणार नाही असे धोके पत्करतो. कानेमान यांना पुढे २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. माँटे कार्लोच्या जुगारगृहात १८ ऑगस्ट १९१३ रोजी रूलेटच्या चाकावर काळा रंग लागोपाठ २६ वेळा आला, आणि आता तरी लाल येईल म्हणून लोक दर फेरीला जास्त पैसे लावत बुडाले. चाकाला मागचे आठवत नसते. पत्त्यांनाही नसते.

त्यात झोपेची भर पडते. घरी येऊन मास्तर डोळे मिटून तोच डाव पुन्हा खेळत. शो आधी मागायला हवा होता. विशेषतः थोडक्यात हुकलेला डाव मेंदूला सोडत नाही. अशी रात्र काढलेला माणूस दुसऱ्या दिवशी सहा वाजता खोलीत जातो तो आधीच अर्धा हरलेला असतो. म्हणून माझ्या मते उपचाराची सुरुवात झोपेपासून करावी. झोपेच्या गोळीने ती होत नाही. मास्तरांना मी गोळी दिली नाही. रक्तदाबाची दिली, संध्याकाळी पाचनंतरचा चहा आणि तंबाखू बंद केली आणि रात्री साडेनऊला अंथरूण ठरवून दिले. दोन आठवड्यांचे वेबिल भरल्यावर खोलीतले बसणे त्यांनी आपणहून थांबवले.

पैशांचे काय? ते गेले. हे मी रुग्णांना स्पष्ट सांगतो, कारण या बाबतीत गोड बोलणारा माणूस त्यांचे नुकसान करतो. मास्तरांना ते माझ्यापेक्षा चांगले समजले. ते म्हणाले, "ट्रिपला पैसे कमी भरले तर आम्ही खिशातून भरायचो आणि दुसऱ्या दिवशी नवे वेबिल उघडायचो. कालची तूट आजच्या पॅसेंजरकडून वसूल करता येत नाही." त्यांनी वहीत बेचाळीस हजार नऊशेचा आकडा लिहून खाली रेघ मारली आणि ती वही काकूंच्या हातात दिली. त्या दिवशी घरात मोठे भांडण झाले. ते व्हायलाच हवे होते. त्या रात्री, भांडणानंतर, ते सहा तास झोपले, असे वहीत आहे.

चौथ्या महिन्यात पोळ्याच्या दिवशी ते पुन्हा बसले आणि सहाशे हरले. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आधी दारात उभे होते. मी याला बिघाड मानत नाही. आधी तोंड उघडायला अकरा महिने लागले होते, या वेळी एक रात्र लागली.

घरच्यांसाठी दोन शब्द. शपथा घालू नयेत. मोडलेली शपथ माणूस लपवतो आणि लपवण्यातच हा आजार वाढतो. कर्ज झाले असेल तर मेहुण्याने किंवा मुलाने रोख रक्कम हातात ठेवू नये. देणे असेल तिथे स्वतः जाऊन भरावे, तेही सगळा हिशेब कागदावर आल्यानंतर. सर्वांत महत्त्वाचे, खोली बंद केलीत तर तिथली सोबतही बंद होते हे विसरू नये. निवृत्त माणसाला, विधुराला ती बैठक म्हणजे दिवसातली एकमेव गप्पांची जागा असते. ती काढून घ्यायची आणि संध्याकाळी सहाला त्याला भिंतीकडे पाहत बसवायचे, याला मी उपचार म्हणत नाही. मास्तर आता त्या वेळी डेपोसमोरच्या टपरीवर जुन्या ड्रायव्हर-कंडक्टरांत बसतात. पत्त्यांना हात लावत नाहीत. बिनपैशांचे खेळायला काय हरकत, असे त्यांनी विचारले होते. निदान वर्षभर नको, असे मी म्हटले. यावर डॉक्टरांत मतभेद असू शकतील.

मोबाइलवरच्या रमीबद्दलही वाचक विचारतात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा केला आणि बऱ्याच कंपन्यांनी ते खेळ लगेच थांबवले. चांगले झाले. मात्र हरलेल्यांची तगमग कायद्याने थांबत नाही. खेळ बंद झाल्यावर 'आता वसूल कसे होणार' म्हणून जास्तच खचलेली तरुण मुले असू शकतात. घरातल्या अशा मुलाला, जीव नकोसा वाटतो का, हे सरळ शब्दांत विचारावे. विचारल्याने तसे विचार डोक्यात येतात ही समजूत चुकीची आहे.

सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य मिळते, मराठीतही बोलता येते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवता येते. तिथे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्यावीत. कंपवातावरच्या काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल, काही रुग्णांना जुगाराची अनावर ओढ लागते. जन्मात पत्ता न धरलेले आजोबा साठी-सत्तरीत एकाएकी खेळू लागले तर प्रथम ती चिठ्ठी पाहावी. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये. ती कमी करायची की बदलायची ते डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.