गुणी बाळ

सुरतेहून एका आजीबाईंचे पत्र आमच्याकडे आले. मुलगा उधन्यास यंत्रमागावर आहे. बारा तासांची पाळी, तीही कधी दिवसाची, कधी रात्रीची. सून दीड महिन्याची बाळंतीण. तिला झोप लागेना, छातीत धडधडे, म्हणून शेजारणीने आपल्याजवळच्या झोपेच्या गोळ्या दिल्या. दहा दिवस झाले, सून झोपते. आणि नवल असे की, रात्रभर रडणारे बाळही आता झोपू लागले आहे. "बाळ अगदी गुणी झाले, तरी मनात शंका येते," असे आजीबाई लिहितात.

ती शंका रास्त होती. उत्तर आम्ही त्याच दिवशी दूरध्वनीने कळविले. परंतु असे घर एकच नसणार, म्हणून येथेही लिहीत आहो.

गुणी बाळाचा हा मोह जुना आहे. बाळागोळीचे नाव आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असेल. तीत अफू असे. मुंबईच्या गिरण्यांत कामास जाणाऱ्या आया ती तान्ह्यांना चारीत आणि दिवसभर निश्चिंत होत. त्यांना दोष तरी काय द्यावा? घरी सांभाळावयास कोणी नसे. आज ती गोळी कोणी शहाणी आई देणार नाही. पण आईने स्वतः घेतलेली गोळी तिच्या दुधावाटे बाळास पोहोचते, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही.

बहुतेक औषधांचा दुधात उतरणारा अंश अगदी थोडा असतो, त्याने बाळास अपाय होत नाही. झोपेच्या गोळ्यांत मात्र भेद आहे. शेजारणीची गोळी डायझेपामची निघाली. तिचे शरीरात जे रूपांतर होते ते कित्येक दिवस टिकते. नवजात बालकाचे यकृत अजून अपक्व. त्यास ते लवकर बाहेर टाकता येत नाही. रोज गोळी घेतली की रोज भर पडत जाते. मग बाळ पेंगते, स्तन तोंडात धरून सोडून देते, वजन वाढत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळास धोका अधिक. लोराझेपामसारखी काही औषधे लवकर निघून जातात व दुधात फार थोडी उतरतात. गरज पडल्यास डॉक्टर अशांतील निवडतात. कोडीन व ट्रॅमाडॉल ही वेदनाशामके स्तनदा मातांनी घेऊ नयेत, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली दिला. सर्दीखोकल्याच्या कित्येक औषधांतही गुंगी आणणारे द्रव्य असते, हे जाता जाता सांगतो.

आपल्याकडे डायझेपाम, अल्प्राझोलाम ही औषधे २०१४ पासून 'एच-१' परिशिष्टात आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकावयाची नाहीत, विक्रीची वेगळी नोंदवही ठेवावयाची. शेजारणीच्या डब्याला नोंदवही कोठली!

आता दुसरी बाजू. हे वाचून कोणी अंगावरचे दूध तोडील, कोणी फेफऱ्याची गोळी एकाएकी बंद करील, तर ते अधिक घातक. फेफरे उलटेल. पुष्कळ दिवस घेतलेली झोपेची गोळीसुद्धा हळूहळूच सोडवावी लागते. प्रसूतीनंतरची अनिद्रा व धडधड हा खरा आजार असू शकतो, त्यावर उपचार आहेत. "मी अंगावर पाजते," एवढे वाक्य बाईने डॉक्टरांपुढे आधी बोलावे. पुष्कळदा संकोचाने तेच राहून जाते.

बाळ पाजण्यासाठी जागे करणे कठीण जाऊ लागले, अंग सैल पडले, श्वास संथ झाला, तर सकाळची वाट पाहू नये. तसेच उचलून रुग्णालयात न्यावे. सुरतेत मजुरा दरवाजाजवळचे नवे सिव्हिल व महानगरपालिकेचे स्मीमेर ही मोठी सार्वजनिक रुग्णालये आहेत. गोळ्यांचे पाकीट बरोबर न्यावे. गोळी घेतलेल्या आईने बाळास कुशीत घेऊन एका अंथरुणावर निजू नये. तिची झोप जड असते.

आजीबाई सुनेला व बाळाला त्याच संध्याकाळी घेऊन गेल्या. डॉक्टरांनी ती गोळी थांबविली, बाळाचे वजन दर आठवड्यास करावयास सांगितले आणि सुनेस मनोविकारतज्ज्ञांकडे पाठविले. आता सून झोपण्यापूर्वी थोडे दूध काढून ठेवते, रात्री एकदा आजीबाई ते वाटी-चमच्याने पाजतात, आणि सुनेस सलग चार-पाच तास झोप मिळते. बाळ पुन्हा रडू लागले आहे, असे परवाच त्यांनी कळविले.