मॉनिटर घ्यायचा, पण कोणत्या वाणाचा?



कापसाचा पैसा हाती आला की घरात मागण्यांची रांग लागते. मोटर भरून आणायची असते, मुलीची फी भरायची असते. अलीकडे त्या रांगेत एक नवी मागणी येऊन उभी राहिली आहे. काटोल-सावनेरकडून नागपूरला शिकायला गेलेला मुलगा म्हणतो, "बाबा, कॉम्प्युटर आहे, आता गेमिंगचा मॉनिटर पाहिजे." मग बापलेक सीताबर्डीच्या दुकानात जाऊन उभे राहतात. दुकानदार टीएन, व्हीए, आयपीएस अशी नावे घडाघडा म्हणतो आणि बाप मुलाच्या तोंडाकडे पाहतो.

खेळासाठी पैसा घालावा की नाही, हे ज्याच्या त्याच्या घरात ठरेल. पण घालायचा ठरलाच, तर तो समजून घालावा. पाकिटावरचे बोंडाचे चित्र पाहून तुम्ही सरकी घेत नाही. जमीन भारी की हलकी, ओलीत आहे की कोरडवाहू, हे आधी पाहता आणि मग वाण ठरवता. मॉनिटरचेही तसेच आहे. तो कोणत्या खोलीत ठेवायचा आणि त्याच्यापुढे कोण कोण बसणार, यावर त्याचा वाण ठरतो. खोक्यावर मोठ्या अक्षरात 'गेमिंग' छापले असले, तरी त्यावरून वाण कळत नाही.

आधी एक घोळ मिटवू. दुकानात सगळेच 'एलईडी मॉनिटर' म्हणतात. एलईडी म्हणजे पडद्यामागचा दिवा, तो पडद्याचा प्रकार नव्हे. दिव्यापुढे काचेचे दोन पातळ तक्ते असतात आणि त्यांच्या मध्ये द्रवस्फटिक नावाचा पदार्थ भरलेला असतो. पाटाचे पाणी आपण माती लावून अडवतो आणि बांध फोडून सोडतो, तसा हा पदार्थ विजेच्या इशाऱ्यावर उजेड अडवतो आणि सोडतो. या पदार्थाचा शोध १८८८ साली फ्रीड्रिख रायनित्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला लागला, तोही गाजरातून काढलेल्या द्रव्यावर काम करताना! द्रवस्फटिक कसे वळतात, यावरून टीएन, व्हीए आणि आयपीएस हे तीन वाण झाले.

टीएन हा सर्वांत जुना आणि स्वस्त. चित्र झटपट बदलते, म्हणून पळापळीच्या खेळांना बरा. खोड एवढीच की समोर बसणाऱ्यालाच नीट दिसतो. बाजूने पाहिले तर रंग फिके पडतात आणि खालून पाहिले तर उलटेपालटे होतात.

ही खोड कमी होण्यामागे एका नागपूरकर विद्यार्थ्याचा हात आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असेल. शिवरामकृष्ण चंद्रशेखर हे १९५१ साली नागपूर विद्यापीठातून भौतिकशास्त्राचे एम. एस्सी. झाले आणि पुढे बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत गेले. द्रवस्फटिकाचे रेणू काडीसारखे लांबट असतात, अशीच तोवर समजूत होती. भाकरीसारख्या चपट्या रेणूंचेही द्रवस्फटिक होतात, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली दाखवून दिले. पुढे जपानच्या फुजीफिल्म कंपनीने तसल्याच चपट्या रेणूंची पातळ फिल्म तयार केली. ती पडद्यावर लावली की टीएनचे चित्र बाजूनेही पुष्कळ बरे दिसू लागले. खोड कमी झाली, पण समूळ गेली नाही.

व्हीए या वाणाचा काळा रंग चांगला गडद असतो. अंधाऱ्या खोलीत सिनेमा पाहणाऱ्याला तो आवडतो. पण काळोखातल्या दृश्यात काही वेगाने पळाले, की स्वस्तातल्या पडद्यावर मागे काळपट ओढ राहते.

आयपीएस बाजूने, वरून, कुठूनही पाहा, रंग जवळपास तेच दिसतात. दिवे मालवले की याचा काळा रंग मात्र थोडा राखाडी वाटतो आणि कोपऱ्यांत पांढुरकी झाक येते. पूर्वी हा महाग आणि मंद होता. आता खेळाला लागणाऱ्या वेगाचाही आयपीएस मिळतो आणि टीएनशी त्याच्या किमतीचा फरकही फारसा उरलेला नाही.

चौथा ओएलईडी. नाव एलईडीसारखे असले तरी गोष्ट निराळी आहे. यात मागे दिवा नसतो, प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो. काळा अगदी काळा दिसतो आणि वेगही सर्वांत जास्त. पण किंमत भारी, आणि एकच चित्र महिनोन्‌महिने तासन्‌तास एका जागी राहिले तर त्याचा डाग कायमचा उमटू शकतो. ज्या कॉम्प्युटरवर दिवसभर अर्ज आणि हिशेब चालायचे, त्याला हा घेताना चारदा विचार करावा.

मग घ्यावा कोणता? खेड्यातल्या घरात पडदा एकट्याचा नसतो. मुलगा खेळेल, बहीण अभ्यास करेल, बाबा सातबारा पाहतील आणि सामन्याच्या दिवशी सगळे घर भोवती गोळा होईल. शिवाय आपल्याकडे दुपारी दारातून लख्ख उजेड आत येतो आणि त्या उजेडात व्हीएचा गडद काळा रंग फारसा कामी येत नाही. अशा घराला आयपीएस बरा. पडद्यावर चमक नसलेला घ्या आणि दाराकडे तोंड करून ठेवू नका. मुलगा वसतिगृहातल्या खोलीत रात्रीच वापरणार असेल आणि सिनेमाची हौस असेल, तर चांगल्यापैकी व्हीए चालेल. टीएन खूपच स्वस्त मिळत असेल आणि बसणारा एकटाच असेल, तरच घ्यावा.

दुकानात चार गोष्टी जरूर करा. पहिली, पडदा चालू करायला लावा आणि समोरून, बाजूने, खाली बसून असा तीन ठिकाणांहून पाहा. दुसरी, पूर्ण काळे आणि पूर्ण पांढरे चित्र लावायला सांगा. मेलेला ठिपका असला तर तिथेच दिसेल. तिसरी, '१ मिलिसेकंद' या आकड्यावर भुलू नका, कारण प्रत्येक कंपनीची मोजण्याची रीत वेगळी असते. चौथी, पक्क्या बिलावर मॉडेलचा पूर्ण नंबर लिहून घ्या आणि वॉरंटीत मेलेल्या ठिपक्यांचे काय, ते विचारा. पडदा फुटला तर नवा बसवण्याचा खर्च बहुधा नव्या मॉनिटरच्या जवळपास जातो.

आणखी एक. १४४ हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला १४४ चित्रे दाखवू शकतो. पण तेवढी चित्रे तयार करणारे कार्ड कॉम्प्युटरमध्ये हवे. तीन अश्वशक्तीच्या पंपाला मोठा पाइप जोडला म्हणून विहिरीतून जास्त पाणी येत नाही. मुलाला आधी विचारा, "तुझा कॉम्प्युटर किती चित्रे देतो?" साठच देत असेल, तर वरच्या आकड्याचे पैसे सध्या वाचवा. आणि जास्तीचा पडदा घेतलाच, तर कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये जाऊन तो आकडा निवडायला विसरू नका; पुष्कळांचे पडदे आणल्या दिवसापासून साठवरच चाललेले असतात.

दिसते तसे नसते, म्हणून जग फसते, असे आपण म्हणतो. इथे तर दिसण्याचीच वस्तू विकत घ्यायची आहे, तेव्हा डोळे उघडे ठेवूनच घ्या. आणि रात्री किती वाजता तो बंद करायचा, हेही खरेदीच्या दिवशीच बापलेकांनी ठरवून टाका.