पत्र्याचा उलगडा आणि कॅडचे शिक्षण

घडी घातलेली किंवा गोलवलेली वस्तू सपाट पत्र्यावर कशी उतरेल, हे शोधण्याला वर्कशॉपमध्ये ‘डेव्हलपमेंट काढणे’ म्हणतात. पूर्वी हे काम पोलादी पट्टी, कंपास आणि स्क्राइबर घेऊन थेट पत्र्यावर होई. आता सॉलिडवर्क्स, इन्व्हेंटर किंवा फुकट मिळणाऱ्या फ्रीकॅडमध्ये मॉडेल उभे करून एका आज्ञेत सपाट आकृती मिळते आणि तिची डीएक्सएफ फाइल लेझर कटिंगला जाते. कोल्हापूरच्या आयटीआय, तंत्रनिकेतने आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या मुलांना हे काम नीट यायला हवे. पण ते शिकवण्याविरुद्ध आणि शिकवण्याच्या पद्धतीबद्दल जे बोलले जाते, त्यातले बरेच चुकीचे आहे.

कोल्हापूर हे फौंड्रीचे गाव; इथे ओतकाम शिकवा, पत्र्याचे काय घेऊन बसलात, हा पहिला आक्षेप. तो फौंड्रीच्या दारातच कोसळतो. ओतकामाची वाळू ज्यातून पडते तो हॉपर, धूळ ओढणारी डक्ट आणि तिच्या टोकाचा सायक्लोन हे सारे पत्र्याचेच असते. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले वसाहतींत यंत्रांची गार्ड आणि कंट्रोल पॅनेलच्या पेट्या लागतात. साखर कारखान्याची च्यूट आणि गुऱ्हाळाची काहीलही पत्रेकाम करणाऱ्यांच्याच हातची.

दुसरा आक्षेप जास्त पसरलेला आणि जास्त घातक आहे. सॉफ्टवेअर फ्लॅट काढून देतेच, मग मुलांना भूमितीत कशाला अडकवायचे? याचे उत्तर बेंडिंगच्या मशीनवर मिळते. पत्रा वाकतो तेव्हा त्याची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते आणि मधल्या एका थराची लांबी तेवढी कायम राहते. तो थर जाडीत नेमका कुठे आहे हे के-फॅक्टर सांगतो. सॉफ्टवेअरला तो आपोआप कळत नाही. भरलेला आकडा ते निमूटपणे वापरते. समजा, २ मिमी जाडीच्या सौम्य पोलादाच्या पत्र्यासाठी विद्यार्थ्याने फाइलमध्ये आधीपासून असलेली आतली त्रिज्या २ मिमी आणि के-फॅक्टर ०.५ तसेच ठेवले. मग ९० अंशांच्या प्रत्येक बेंडमागे स्क्रीनवर दोन्ही बाजूंच्या बाहेरच्या मापांच्या बेरजेतून सुमारे ३.२९ मिमी वजावट होते. प्रत्यक्षात तो पत्रा १६ मिमी तोंडाच्या व्ही-डायवर वाकवला जातो. एअर बेंडिंगमध्ये आतली त्रिज्या मॉडेलचे ऐकत नाही. ती डायच्या तोंडावर ठरते आणि सौम्य पोलादात त्या रुंदीच्या साधारण एक षष्ठांश, म्हणजे इथे अडीच मिमीच्या पुढेमागे येते. खरी वजावट ३.६ मिमी निघाली, तर चार बेंडच्या चॅनेलमध्ये सव्वा मिमीचा फरक पडतो आणि पॅनेलचा दरवाजा चौकटीला घासतो. लेझरने कटिंग अचूक केले म्हणून ही चूक भरून येत नाही.

गोल कामात फरक याहून मोठा पडतो. बाहेरचा व्यास ३०० मिमी आणि पत्रा ३ मिमी असेल, तर बाहेरच्या व्यासावरून लांबी ९४२.५ मिमी येते, आतल्यावरून ९२३.६ मिमी. योग्य लांबी मधल्या २९७ मिमी व्यासाची, म्हणजे सुमारे ९३३ मिमी. मॉडेलमध्ये माप कोणत्या बाजूला दिले आहे हे न पाहणाऱ्याची गफलत तब्बल सेंटिमीटरभर होऊ शकते. शंकूचेही तसेच. तळाची त्रिज्या ३०० मिमी आणि उंची ४०० मिमी असेल तर तिरकी उंची ५०० मिमी, आणि उलगडलेल्या पाकळीचा कोन २१६ अंश. हे ज्याला कागदावर काढता येते, त्याला स्क्रीनवर वेगळा कोन दिसताच चूक कळते.

काही आकार तर मुळात उलगडतच नाहीत. गोलाचा कोणताही तुकडा ताणल्या-दाबल्याशिवाय सपाट होऊ शकत नाही, हे गाउसच्या १८२७ च्या सिद्धांतावरून निघते. संत्र्याची साल टेबलावर दाबली की ती फाटते, त्याचे कारण हेच. सॉफ्टवेअर अशा घुमटाचीही सपाट आकृती दाखवू शकते, पण ती ताण गृहीत धरून काढलेला अंदाज असते. दंडगोल, शंकू आणि घुमट यांतला हा भेद न शिकवता बटण तेवढे शिकवले, तर विद्यार्थी अंदाजालाच माप समजतो.

तिसरे मत याच्या नेमके उलट टोकाचे. कॅडने हात बोथट होतो. मुलांनी कात्री-कंपासवरच शिकावे, कोल्हापूर असेच घडले, असे ते सांगते. या बाजूने दाखलाही मोठा देता येतो: बाबूराव पेंटर यांनी याच शहरात स्वतःचा चित्रपट कॅमेरा घडवला आणि त्यावर ‘सैरंध्री’ (१९२०) चित्रित केला. पण या दाखल्यातून निघते ते वेगळेच. त्या पिढीने हाताशी आलेले प्रत्येक नवे यंत्र खोलून, समजून घेऊन वापरले; कॅडकडे पाठ फिरवणे त्या परंपरेत बसत नाही. शिवाय पाच तुकड्यांच्या एल्बोचा व्यास बदलला की हाताने सगळे पुन्हा काढावे लागते. मॉडेलमध्ये एक आकडा बदलून भागते.

म्हणून क्रम असा हवा. दंडगोल, शंकू आणि चौकोनातून गोलाकडे जाणारा ट्रान्झिशन, एवढी तीन डेव्हलपमेंट हाताने काढून, पुठ्ठ्यातून कापून जुळवावीत. ट्रान्झिशन वगळू नये. त्रिकोण पाडून प्रत्येक रेषेची खरी लांबी काढताना पत्रेकामाची सारी भूमिती हातात येते. त्यानंतर कॅड. मात्र मॉडेल करण्याआधी १०० मिमीची पट्टी आपल्याच मशीनवर ९० अंशांत वाकवावी आणि दोन्ही बाजू बाहेरून व्हर्नियरने मोजाव्यात. बेरीज १०३.६ आली तर वजावट ३.६, तोच आकडा सॉफ्टवेअरमध्ये भरावा. पत्र्याची जाडी, धातू किंवा डाय बदलली की पट्टी नवी. याच वेळी सहा मिमीचा काठ १६ च्या डायवर वाकवायला द्यावा. पत्रा डायच्या तोंडात घसरतो आणि बिनचूक फ्लॅटसुद्धा वाकवता येईलच असे नाही, हे तिथेच समजते.

या पद्धतीला लागणारा पत्रा आणि वेळ महाग पडतो, अशी तक्रार होईल. पट्टी भंगाराच्या तुकड्यातून निघते. कॅडच्या प्रात्यक्षिकाचे गुण आज छापील फ्लॅटवर दिले जात असतील, तर ते थांबवावे आणि वाकवून मोजलेला नग समोर आल्यावरच द्यावेत.