हेकरूचा भाऊबंद आणि आपला विज्ञानाचा तास



'संकटग्रस्त प्रजाती' हा घटक आपण वर्गात कसा शिकवतो? फळ्यावर चार नावं, समोर चार कारणं, झाला घटक पूर्ण. मुलं पाठ करतात, पेपरात लिहितात. पण ही प्रजाती कमी झाली हे कळलं तरी कसं, असं फारसं कोणी विचारत नाही. माझ्या मते खरं विज्ञान याच प्रश्नात आहे. म्हणून यादीतली दोन-तीन नावं राहिली तरी चालतील, पण एका तरी प्राण्याची गोष्ट मुळापासून सांगा. मी सुचवेन 'नासाऊ ग्रुपर'.

कोकणात बाजारात हेकरू मिळतो ना, त्याच्याच कुळातला हा मोठा मासा. राहतो मात्र दूर, कॅरिबियन समुद्रातल्या प्रवाळ खडकांत. एरवी एकलकोंडा, आपली कपार सोडून फारसा हलत नाही. पण हिवाळ्यातल्या पौर्णिमेच्या सुमारास हेच मासे बाहेर पडतात, मैलोन् मैल पोहत एका ठरलेल्या जागी जमतात आणि तिन्हीसांजेला अंडी सोडतात. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नोंदीत बहामाजमधल्या अशाच मेळाव्यात ३० हजार ते १ लाख मासे असल्याचा अंदाज दिला आहे.

जागा ठरलेली आणि तिथीही ठरलेली. मग कोळ्यांना आणखी काय हवं? एकेका माशामागे वर्षभर फिरण्यापेक्षा चार दिवसांत होड्या भरतात. अशाने कॅरिबियनमधले कितीतरी मेळावे कायमचे संपले. २०१८ पासून हा मासा जगाच्या लाल यादीत 'अतिसंकटग्रस्त' आहे.

लिटल केमन हे जेमतेम १६ किलोमीटर लांबीचं बेट. त्याच्या पश्चिम टोकाशी २००१ मध्ये मच्छीमारांना सुमारे ७ हजार माशांचा मेळावा सापडला. दोन हंगामांत त्यातले ४ हजारांच्या आसपास मासे पकडले गेले. आता एक प्रश्न उभा राहिला, आणि तो मुलांना जरूर विचारा. इथे जमलेले मासे लांबलांबच्या बेटांवरून आलेले पाहुणे आहेत, की याच बेटाचे रहिवासी? पाहुणे असतील तर गेलेल्यांची जागा दुसरे भरून काढतील. रहिवासीच असतील तर सगळा संसार इथेच संपला!

उत्तर कसं शोधणार? मोबाईलवाली मुलं लगेच म्हणतील, 'सर, जीपीएस लावा.' पण खाऱ्या पाण्यात रेडिओ लहरी फार दूर जात नाहीत, ध्वनी मात्र उत्तम जातो. (ध्वनीच्या पाठाला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही.) म्हणून संशोधकांनी छोटी शस्त्रक्रिया करून काही माशांच्या पोटात 'टिक टिक' आवाज करणारं उपकरण बसवलं, आणि बेटाभोवती समुद्रतळाशी ते आवाज टिपणारी यंत्रं ठेवली. कुठला मासा कधी जवळून गेला याची नोंद आपोआप होऊ लागली. बेटाच्या चारी बाजूंचे मासे त्या एकाच टोकाशी येत होते. म्हणजे ते पाहुणे नव्हते, बेटाचे रहिवासीच होते.

२००३ पासून अशा जागी विणीच्या काळात मासेमारी बंद झाली. म्हणून लगेच मासे वाढले का? नाही. २००९ मध्ये ते १२०० च्या आसपास होते. इतकी वर्षं बंदी पाळून हाती काही लागत नसताना ती टिकवणं सोपं नव्हे. २०१६ मध्ये कायदा आणखी कडक झाला आणि २०१८ पर्यंत संख्या पुन्हा ७ हजारांवर गेली. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात. तेव्हा किनाऱ्यावरच्या मुलांना यातली अर्धी गोष्ट आधीच ठाऊक असते, त्यांनाच सांगायला लावा.

समुद्रात डोकी मोजायची कशी, हे मात्र वर्गात करूनच दाखवा. डबाभर राजमा घ्या. त्यातले ३० दाणे काढून त्यांवर पेनाने खूण करा, परत टाका, डबा नीट हलवा. आता न बघता ४० दाणे काढा. समजा त्यात ६ खुणेचे निघाले. ३० गुणिले ४०, भागिले ६, म्हणजे डब्यात साधारण २०० दाणे. पाणबुड्यांनीही असंच केलं. काही माशांना बाहेरून खूणचिठ्ठी लावली आणि नंतर दिसलेल्यांत खुणेचे किती, ते पाहिलं.

'हे परीक्षेत येणार आहे का?' असं काही पालक विचारतील. गुणोत्तर येणार आहे, ध्वनी येणार आहे, पर्यावरणही येणार आहे. केमनमधल्या शाळांतली मुलं तर वर्गात बसून, पाण्याखाली असलेल्या पाणबुड्यांशी थेट बोलली आहेत. आपल्याकडे ती सोय नसेल, राजमा तर आहे. तोही नसेल तर चिंचोके चालतील, फक्त खूण खडूने करा.