बारा व्होल्टचा धीर, दोनशे तीसचा धोका

मोटारीचा दिवा स्वतः बदलणाऱ्याला सहसा काही होत नाही. या अनुभवाच्या बळावर तोच हात घरातील होल्डर उघडायला सरसावतो, आणि धोका तेथेच सुरू होतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांनुसार अलीकडच्या वर्षांत देशात दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे विजेच्या धक्क्याने दगावली आहेत.

यामागचे गणित सोपे आहे. मोटारीची बॅटरी 12 व्होल्टची असते. कोरड्या त्वचेच्या रोधापुढे हा दाब इतका तोकडा पडतो की, धक्का जाणवतही नाही. तेथे भीती असते ती भाजण्याची. पाना किंवा हातातील अंगठी बॅटरीच्या दोन टोकांना एकदम टेकली, तर शेकडो अँपिअरचा प्रवाह धातूला क्षणात तापवतो. घरातील दाब मात्र 230 व्होल्टचा. ओल्या त्वचेमुळे शरीराचा रोध हजार ओहमपर्यंत उतरला, तर सुमारे 230 मिलिअँपिअर प्रवाह शरीरातून जातो. हृदयाची लय बिघडण्यास त्याच्या पाव हिस्साही पुरेसा ठरू शकतो. पावसाळ्यात ओलसर भिंती आणि अनवाणी पाय हे संकट अधिकच गडद करतात.

दुसरा गैरसमज बटणाविषयीचा. दिवा विझला म्हणजे वीज गेली, असे नव्हे. वायरमनने बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडले असेल, तर दिवा विझूनही होल्डर जिवंत राहतो. म्हणूनच मेन स्विच बंद करणे आणि टेस्टरने खात्री करून घेणे याला पर्याय नाही.

तिसरा भ्रम एमसीबीचा. 6 अँपिअरची एमसीबी तारांना आगीपासून वाचवते, माणसाला नव्हे. प्राणघातक प्रवाह तिच्या दृष्टीने नगण्य असतो. माणसासाठी असते ती 30 मिलिअँपिअरची गळती ओळखून पुरवठा तोडणारी आरसीसीबी. अर्थात फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच वेळी हाती आले, तर तीही हतबल ठरते.

मोटारीविषयीचा निर्धास्तपणाही आता कालबाह्य होत आहे. झेनॉन दिवा पेटवण्यासाठी त्याचा बॅलास्ट क्षणभर 20 हजार व्होल्टच्या घरातील दाब निर्माण करतो. विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या मुख्य बॅटरीचा दाब तर शेकडो व्होल्टचा असतो. त्यातील नारिंगी तारांना प्रशिक्षित कारागिराखेरीज कोणी हात लावू नये.

मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. त्याच इमारतींतील वायरिंगकडे मात्र ठिणगी उडाल्याखेरीज सहसा कोणी वळून पाहत नाही. ज्या काळात घरात चार दिवे आणि दोन पंखे असत, त्या काळच्या तारांवर आज वातानुकूलन यंत्र, गिझर आणि मायक्रोवेव्ह यांचा भार आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे 2023 चे सुरक्षा विनियम आहेत. परवानाधारक वायरमनची तरतूदही आहे. तरीही स्वस्तात काम उरकून देणारा माणूस शोधण्याची वृत्ती सुटत नाही.

गृहनिर्माण संस्थांनी इमारतीच्या खांबांबरोबर घरांतील अर्थिंगही तपासून घेतले, आणि प्रत्येक घरात आरसीसीबी बसली, तर यातील अनेक मृत्यू टळू शकतील. त्यासाठी होणारा खर्च रंगरंगोटीच्या खर्चापुढे किरकोळच आहे. फरक इतकाच, की रंग दिसतो आणि अर्थिंग दिसत नाही.