झाडाच्या बदली झाड, पण कोणते?

चेंबूरच्या जुन्या वसाहतींत बंगल्यांच्या जागी बहुमजली इमारती उभ्या राहत असताना, ज्या वृक्षांच्या छायेमुळे या उपनगराला त्याचे स्वरूप लाभले त्यांचे भवितव्य आता अर्ज, पंचनामा आणि मंजुरी यांच्या कागदांवर ठरू लागले आहे. नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा कायदा महाराष्ट्रात १९७५ साली झाला. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरील वृक्षांना वारशाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याचे बंधन घातले. ही तजवीज स्वागतार्हच आहे. परंतु वय आणि संख्या यांचा हिशेब कितीही चोख ठेवला, तरी गेलेल्या वृक्षाचे कार्य नवी रोपे करतील काय, हा प्रश्न शिल्लक उरतो.

पर्जन्यवृक्ष, गुलमोहर, सोनमोहर, बहावा, करंज, पांगारा, चिंच, आपटा ही मुंबईकरांच्या नित्य परिचयाची झाडे एकाच शिंबावंत कुलातली. शेंग हे त्यांचे समान लक्षण असले, तरी पर्जन्यवृक्ष अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातून आला, गुलमोहर मादागास्करहून, आणि करंज मात्र आपल्या खाड्यांच्या काठचाच. जुन्या ग्रंथांनी या कुलाची पलाश, संकेश्वर व शिरीष अशी तीन उपकुले मानली होती; २०१७ साली वनस्पतिशास्त्रज्ञांनी जनुकीय पुराव्याच्या आधारे ती सहा केली, तेव्हा शिरीष उपकुल संकेश्वरात विलीन झाले, आपटा व कांचन वेगळे निघाले आणि चिंच व सीताअशोक यांचे घराणे निराळे ठरले.

ही वंशावळ केवळ पंडितांच्या कामाची नव्हे. शेंगेचे झाड म्हणजे जमिनीला नत्र देणारे झाड, असा सरसकट समज रूढ आहे. करंजाचे कोवळे मूळ उकरले तर त्यावर बारीक गाठी दिसतात, आणि जिवंत गाठ नखाने फोडली तर आतला गर लालसर आढळतो. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनशी नाते सांगणाऱ्या द्रव्याचा तो रंग. हवेतील नत्र बांधण्याचे जे कार्य चेंबूरच्याच राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यात शेकडो अंश तापमान आणि प्रचंड दाब यांच्या साहाय्याने साधावे लागते, ते या गाठींतले जिवाणू साध्या मातीत, नित्याच्या तापमानात करीत असतात. पर्जन्यवृक्ष, शिरीष व पांगारा यांनाही ही देणगी आहे. गुलमोहर, बहावा, चिंच आणि आपटा यांच्या मुळांवर मात्र अशा गाठी येत नाहीत. म्हणून पर्जन्यवृक्षाच्या मोबदल्यात गुलमोहराची रोपे लावली, तर कुल तेच राहिले तरी मातीच्या पदरात काही पडत नाही.

अर्थात नत्र हा एकच निकष नव्हे. बहावा नत्र बांधत नसला तरी त्याच्या पानांवर पिवळसर पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्या पोसतात, आणि पांगाऱ्याचा मध ऐन शिशिरात मैना-बुलबुलांच्या कामी येतो. पिठ्या ढेकणाच्या प्रादुर्भावाने मुंबईतले अनेक पर्जन्यवृक्ष सुकले, त्यावरून एवढा धडा तरी घ्यावा की संपूर्ण रस्ता एकाच जातीच्या हवाली करणे धोक्याचे असते.

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. वृक्षतोडीच्या प्रत्येक प्रस्तावात जाणाऱ्या झाडाची जात, मूलस्थान आणि मातीशी व जीवसृष्टीशी असलेले नाते यांची नोंद व्हावी. खाडीलगतच्या खाऱ्या वाऱ्यात करंज, रुंद रस्त्यांवर शिरीष व बहावा, उद्यानांतल्या ओलसर सावलीत सीताअशोक, अशी निवड जाणकारांच्या शिफारशीने व्हावी. आणि बुंध्याभोवती काँक्रीट ओतण्याची रीत तातडीने बंद व्हावी, कारण श्वास कोंडलेल्या मातीत त्या गाठीही धड वाढत नाहीत. रोपांच्या संख्येवर समाधान मानणाऱ्या दप्तराला एवढा तपशील जिकिरीचा वाटेल. पण एका पिढीने तोडलेल्या छायेची भरपाई पुढच्या पिढीला मिळायची असेल, तर ही जिकीर पत्करणे हे प्रशासनाचे आणि आपणा नागरिकांचेही कर्तव्य आहे.